बाकड्याची चतकोर

बनाबाई पगारेला कधी बसलेली पाहिलंय, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस आमच्या गावात मिळायचा नाही. तिच्या खानावळीत दोन टेबलं, चार बाकं आणि मालकिणीसाठी म्हणून एक प्लास्टिकची खुर्ची आहे. त्या खुर्चीत मांजर बसतं. बाई चुलीपासून दारापर्यंत, दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंत, पलीकडच्या पोलीस ठाण्यात एकदा डोकावून पुन्हा चुलीपाशी. मी एकदा म्हणालो, "बनाबाई, पायांना चाकं लावून घे, चपला तरी वाचतील." तर म्हणाली, "तुमी जिभेला लावून घेतलीत तेवडी गावाला लई झाली."

गावाचं नाव सांगत नाही. श्रीरामपूरहून नगरला जाताना लागतं, एवढं पुरे. ज्याला ओळखायचंय तो ओळखेल, आणि ज्याला नाही त्यानं उगाच ठाण्यातल्या लोकांना फोन करू नयेत.

ठाण्याच्या कोठडीत जे आरोपी असतात त्यांना दोन वेळचं जेवण सरकार देतं. म्हणजे रांधते बनाबाई, सरकार त्याचा दर देतं. तो दर कधी ठरला हे त्या दरालाही आठवत नसेल. एका ताटाच्या दरात आज वडापाव येतो, आणि टपरीवाला ओळखीचा असला तर वर अर्धा चहा. तरी तिनं ठेका सोडला नाही. ट्रकवाले आज आहेत, उद्या बायपासनं जातील. चोरी-मारामारीनं मात्र आमच्या तालुक्यात कधी खंड पाडलेला नाही. नवऱ्याच्या माघारी कोठडीच्या डब्यांवरच तिची चूल पेटती राहिली, दोन पोरी उजवल्या गेल्या. "हा ठेका गेला तर म्या चुलीत पानी वतून बसायचं," असं ती म्हणायची. बसायचं म्हणे! पण ते खरं होतं.

आता ठाण्याचा रिवाज सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जेवण आणणाऱ्यानं प्रत्येक ताटातला पहिला घास पहारेकऱ्यासमोर स्वतः खायचा. कुणी काही कालवलं असेल तर आधी आणणारा आडवा व्हावा. बनाबाई गजांपुढं उभी राहते, भाकरीचा तुकडा मोडते, आमटीत बुडवून गिळते, मगच ताट आत सरकतं. तेव्हा तालुक्यातल्या निम्म्या दांडग्या माणसांनी बनाबाईचं उष्टं खाल्लेलं आहे. तिच्या खानावळीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. ती पाहून जे लोक बाहेरच्या बाहेर चहासुद्धा नको म्हणतात, त्यांतलेही काही कोठडीत गेल्यावर जेवलेत. आमचे एक माजी सरपंच लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय ते बघून बसतात. तेही दोन रात्री जेवून आले. नाव विचारू नका, त्यांचा जावई मी बसतो त्या वाचनालयात येतो.

पहाऱ्याला बहुधा गोरक्षनाथ हवालदार. नाव नाथाचं, पोट गणपतीचं. पहारेकऱ्यानं घास खावा असं कुठल्या नियमात नाही, पण रस्सा असला की गोरक्षनाथ म्हणायचा, "एका घासाचं काय खरं, मावशी? दुसरा मी बघतो." यावरून पारावर काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. मला सगळं माहीत आहे, एवढं कळवून ठेवतो.

कोठडीच्या कोपऱ्यावरून वळलं की व्हरांडा, आणि व्हरांड्यात एक लांब बाकडं. ते फिर्यादींचं. साहेब बंदोबस्ताला गेलेत, लिहिणारा रजेवर आहे, लाईट गेलीय, आली तर कॉम्प्युटर बसलाय. सकाळी टेकलेला माणूस दिवे लागल्यावर उठतो. ज्यानं मारलं तो आत, त्याच्या नावानं सरकारात दर आहे. ज्यानं मार खाल्ला तो बाहेर, त्याच्या नावानं काही नाही.

मागं एकदा कानाजवळ टाके पडलेला एक म्हातारा त्या बाकड्यावरून उपाशीपोटी खाली घसरला. नेमका तेव्हाच आतून ढेकर आला. म्हाताऱ्याला मारणारा त्याचा पुतण्याच होता तो. बनाबाई रिकामे डबे घेऊन निघालेली. मागं फिरली आणि गजांतून हात आत घातला.

"चतकोर मोड."

"कशापायी?"

"मोड म्हंते ना. उद्याचं ताट बी मीच आननार हाय."

त्यानं मोडली. तेव्हापासून पद्धतच पडली. ताट आत गेलं की प्रत्येकानं आपल्या भाकरीची चतकोर मोडून गजांतून बाहेर द्यायची. चार आरोपी म्हणजे बाहेर एक भाकर. तिच्यावर पदरचं कालवण घालून बनाबाई कोपऱ्यावरून वळायची. 'बाकड्याची चतकोर' हे त्या तुकड्याचं ठाण्यातलं नाव. सराईत चोर तर न सांगता मोडायचे, नवख्याला शिकवायचे. बाकड्यावरच्याला मात्र ती भाकरीचा पत्ता कधी सांगत नसे. "आदी खा, मग इचार," म्हणायची. खाल्ल्यावर कोण विचारतो? साहेबांना ठाऊक होतं की नव्हतं, ते साहेबांना ठाऊक. समोरच्या हॉटेलवाल्या ज्ञानेश्वरला मात्र पक्कं ठाऊक होतं. त्याचा या ठेक्यावर डोळा. "आरोपींच्या तोंडची भाकर काढून बाईनं पाटल्या केल्या," असं तो भजी तळता तळता सांगायचा. बनाबाईच्या हातात पाटल्या सोडा, काचेची बांगडीसुद्धा पीठ मळताना टिकत नाही.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली, की मुंबईत एक विधेयक यायचंय. कोठडीतल्या माणसाच्या जेवणाचा दर, तुरुंगाला माल पुरवणाऱ्याचा दर, गुन्ह्यात ज्याला लागलं त्याच्या दवाखान्या-प्रवासाचा खर्च, सगळे दर एका कायद्यात. आधी आमदारांची समिती ठाणी फिरून बघणार होती. तिच्या यादीत आमच्याही ठाण्याचं नाव होतं.

मग बनाबाईच्या पायांना काय झालं ते विचारू नका. दर वाढला तर दुसरी शेगडी, आणि पावसात गळणाऱ्या पत्र्यावर ताडपत्री. समिती सोमवारी येणार म्हणून तिनं डबे चिंचेनं घासले. सोमवारी कुणी आलं नाही. गुरुवारी येणार, पुन्हा घासले. गुरुवारी फक्त निरोप आला की पुढच्या आठवड्यात. तिची आमटी दोनदा खारट झाली. आम्ही गपचूप खाल्ली, कारण बोलायला गेलो की डाव उगारायची.

एका सकाळी गोरक्षनाथ खानावळीत आला. चहा न मागता उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं.

"मावशी, समितीच्या दिवशी चतकोर बंद. आख्खी भाकर आत जाईल. बाकडं बी मी मागं जप्तीच्या मोटरसायकलींकडं टाकतोय."

"आन बाकड्यावरची मानसं?"

"त्या दिवशी कुनी येऊ न्हाई असं बघू."

"मार खायाला सुट्टी देनार का लोकान्ला?"

"हसू नको. आरोपीच्या ताटातनं भाकर निघती हे त्यांनी पाहिलं, तर दर ऱ्हायला बाजूला, तुझा ठेका जाईल आन माझी बदली हुईल. ज्ञानेश्वर टपूनच बसलाय."

 तव्यावरची भाकर करपली. माझ्या आठवणीत तिच्या तव्यावर करपलेली तेवढी एकच.

याच दिवसांत बाकड्यावर मनकर्णा बसायला लागली होती. पाथर्डीकडची, ऊसतोडीला आलेली. तापानं फणफणली म्हणून एक दिवस फडात गेली नाही, तर मुकादम बिभीषणनं दांडकं घातलं. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद. बिभीषण आत होता. तिचा पुरवणी जबाब घ्यायचा होता, आणि तो रोज उद्यावर जात होता. नवरा म्हणत होता, मिटवून घे, पुढच्या सालीही याच माणसाबरोबर यायचंय. ती ऐकत नव्हती. उजाडताच कारखान्याच्या तळावरून चालत यायची, बाकड्याच्या टोकाला बसायची, दुपारी बनाबाईनं दिलेली भाकर खायची, संध्याकाळी परत.

बिभीषणनं पहिल्या दिवशी ताट परत केलं होतं. बनाबाईचं आडनाव त्यानं विचारून घेतलं, ती घास मोडताना नीट पाहिलं आणि म्हणाला, "भूक न्हाई." दुसऱ्या दुपारी भूक आली. तिसऱ्या दिवशी तो इतरांसारखी चतकोरही मोडायला लागला. कोपऱ्यापलीकडं कोण बसलंय हे त्याला दिसत नव्हतं. आपल्या हातातली भाकर कुणाच्या ताटातली, हे मनकर्णाला माहीत नव्हतं. बनाबाईला दोन्ही माहीत होतं, आणि म्हणूनच ती बाकड्यावर भाकर ठेवून लगेच पळायची. मनकर्णा एकदा म्हणाली, "मावशे, बसा की घडीभर." हिनं वळूनही पाहिलं नाही.

समिती शेवटी बुधवारी आली, तीही न कळवता, दुपारच्या ताटांच्या वेळेला. तीन गाड्या. पुढं आमदार राजनंदिनीताई, लांबच्या जिल्ह्यातल्या, चष्मा डोक्यावर. गोरक्षनाथनं धावत जाऊन कोठडीतल्यांना दम भरला, "आज मोडायची न्हाई. आख्खी खायाची, हसून खायाची." बाकडं उचललं. मनकर्णाला बाकड्यासकट मोटरसायकलींमागं नेऊन बसवलं. सगळं झालं. एक राहिलं. बिभीषण तेव्हा कोठडीत नव्हताच, त्याला सरकारी दवाखान्यात तपासणीला नेलेलं. तो परत आला तो थेट समितीच्या पाठोपाठ, आणि गज लागेपर्यंत ताटं आलीसुद्धा.

दारापाशी आम्ही चारपाच जण उभे होतो. मी रहिवासी दाखल्याची चौकशी करायला गेलो होतो. दाखला मला नको होता, पण चौकशी करायला काही लागत नाही.

बनाबाईनं प्रत्येक ताटातला घास खाल्ला. राजनंदिनीताईंना तो रिवाज फार आवडला, फोटोसुद्धा निघाला. "जेवण कसं असतं?" त्यांनी विचारलं. "चांगलं, चांगलं," आतून तीन आवाज एकदम. गोरक्षनाथचा श्वास हळूहळू खाली बसत होता. शेवटचं ताट बिभीषणचं. त्यानं मांडी घातली, भाकरीची चतकोर मोडली, हात गजांतून बाहेर काढला आणि बनाबाईपुढं धरला.

"घ्या, बाकड्याची."

बनाबाईचा हात पुढं गेला आणि अर्ध्यात थांबला. हवालदाराचं पोट मी पहिल्यांदाच आत गेलेलं पाहिलं.

"हे काय आहे?" राजनंदिनीताईंनी विचारलं.

"कुत्र्याची, मॅडम," गोरक्षनाथ म्हणाला. "ठान्यात एक कुत्रं हाय. हे लोक त्याला टाकत्यात. मोती नाव."

आमच्या ठाण्यात कुत्रं नाही. होतं, ते ज्ञानेश्वरच्या भज्यांवर गेलं, असं बनाबाई म्हणते.

ताईंनी मान हलवली, विषय संपला असता. पण आवाज ऐकून मनकर्णा मोटरसायकलींमागून उठून दारात आली होती. जबाबाला बोलावलं असं तिला वाटलं असावं. बनाबाईनं तिची पट्टी पाहिली, आणि ती चतकोर पाहिली. मग गोरक्षनाथकडं असं पाहिलं की तो भिंतीला चिकटला.

"कुत्र्याची न्हाई," ती म्हणाली. "ही हिची हाय. बाकड्यावर जे बसत्यात, त्येंची. आतल्यान्ला तुमचा दर हाय, भाईरच्यान्ला न्हाई. म्हनून मी आतल्याकडनं चतकोर घेते आन भाईर देते. लई सालं झाली. हवालदारांनी सांगितलं न्हवतं, माझं मीच करते."

आतून बिभीषणनं मान वाकडी करून दाराकडं पाहिलं. मनकर्णा दिसली. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि तो हसायला लागला.

"हिला? आगं ये मनकर्णे, म्हंजी इतके दिस माझी भाकर खायलीस व्हय तू? माझं मीठ पोटात घेऊन माझ्यावरच जबाब देनार?"

मनकर्णाचं तोंड उतरलं. हात पोटावर गेला. ऊसतोडीच्या माणसाला मिठाचं बोलणं कसं लागतं ते तळावर जाऊन बघा. मुकादमाचं मीठ खाल्लं म्हटलं, की मोठे मोठे गडी खाली बघतात. ती बनाबाईला म्हणाली, "मावशे, ह्याची भाकर चारलीस मला? सांगितलं बी न्हाईस?" आणि परत जायला वळली. पदर सावरत दोन पायऱ्या उतरलीसुद्धा.

"थांब," बनाबाई म्हणाली. मग गजांकडं वळली. आवाज चढवला नाही, उलट पाडला. आम्हाला पुढं सरकावं लागलं.

"मीठ कुनाचं रे? पीठ माझं, चूल माझी. ताटातला पयला घास कुनाच्या तोंडात गेला? सांग की मॅडमला. तू माझं उष्टं खातूस. पयल्या दिशी उपाशी ऱ्हायलास त्यो कशापायी, मला काय समजलं न्हाई व्हय? मग खाल्लंसच ना? चतकोर तू देतोस असं वाटतंय तुला. मी माझीच भाकर तुझ्याकडनं मागारी घेते."

बिभीषणचं हसू जिथं होतं तिथंच राहिलं, पण आता ते त्याचं वाटेना. कोठडीतला एक जुना पाकीटमार खाली मान घालून खुदखुदला. बनाबाईनं त्याच्या हातातली चतकोर ओढून घेतली, तिचा एक घास तोडून सगळ्यांसमोर चावला, गिळला, आणि उरलेली मनकर्णापुढं धरली.

"आता माझी झाली. खा, न्हाईतर ठेव. जबाब मात्र दे."

मनकर्णानं ती खाल्ली नाही. पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली, आणि लिहिणाऱ्याच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. "लिव्हा," म्हणाली. आमदारांसमोर लिहिणारा रजेवर असणं शक्य नव्हतं. लाईट होती. कॉम्प्युटरही त्या दिवशी पहिल्या दणक्यात चालू झाला. जबाब पुरा झाला.

राजनंदिनीताईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग गोरक्षनाथला विचारलं, "फिर्यादीच्या जेवणाला खरंच काही तरतूद नाही?" "दरच न्हाई, मॅडम." जाताना त्या बनाबाईपाशी थांबल्या. "तुमचं म्हणणं अहवालात येईल," म्हणाल्या. बनाबाई म्हणाली, "येऊ द्या. ताडपत्रीचं बी घाला."

अहवालात दोन वाक्यं आली, असं ऐकतो. पहिलं, आमच्या ठाण्यात आरोपींच्या आहारात कपात होते. दुसरं, फिर्यादी आणि साक्षीदार ठाण्यात थांबले तर त्यांच्या जेवणाचाही दर ठरवावा. पहिल्या वाक्याची अंमलबजावणी आठवड्याच्या आत झाली. दुसरं वाक्य मुंबईत आहे.

ठेका ज्ञानेश्वरला गेला. गोरक्षनाथची बदली झाली नाही. बनाबाईनं सगळं आपल्या डोक्यावर घेतलं त्यामुळं तो वाचला, आणि आता तिच्यासमोरून जाताना टोपी नीट करण्याचं निमित्त करून मान खाली घालतो. ज्ञानेश्वर चिकटपट्टी लावलेली पाकिटं पाठवतो. पाकीट बंद असतं म्हणून पहिला घास नाही. परवा तो जुना पाकीटमार पुन्हा आत आला. पाकीट बघून म्हणाला, "आधी आणणाऱ्यानं खायचं." ज्ञानेश्वरला बोलावलं, तर म्हणतो, मला पित्ताचा त्रास आहे. आता ज्याला स्वतःचं रांधलेलं खाताना पित्त आठवतं, त्याच्याबद्दल मी बापडा काय बोलू?

बनाबाईची चूल अर्ध्यावर आली. एक टेबल विकलं. दुपारी ताटांची वेळ झाली की पाय मात्र ऐकत नाहीत. हातात काही नसताना रस्त्याच्या कडेपर्यंत जायची, ठाण्याकडं बघायची, परत यायची. मांजर तेवढं निवांत.

ऊसतोड संपली, तळ उठले. एक टेम्पो पूर्वेकडं परत जाताना खानावळीपुढं थांबला. मनकर्णा उतरली. डोळा उघडलेला, कपाळावर व्रण. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तिनं बाजरीचं अर्धं पोतं दारात टेकवलं.

"मुकादमाचं न्हाई, मावशे. आमच्या रानातली हाय, येताना घरनं आनल्याली. बाकड्याला."

"बस की, च्या घे," बनाबाई म्हणाली.

"तुमी कदी बसलात?" मनकर्णा म्हणाली आणि टेम्पोत चढली. तिच्या खटल्याला पुढची तारीख पडलीय. ती येणार आहे.

तेव्हापासून बनाबाई दुपारी पुन्हा रस्ता ओलांडते. फडक्यात दोन भाकरी, वर कांदा. पण ती गोष्ट गावभर झालेली (कशी झाली ते मला विचारू नका), त्यामुळं बाकड्यावरचा जो तो आता हात लावण्याआधी विचारतो, "मावशी, भाकर कुनाची?" ती फडकं सोडते, पहिला घास स्वतः मोडते, चावते, गिळते.

"आता माझी. खा."

पोतं निम्म्याच्या खाली गेलंय. ती रोज ते हलवून बघते. मी रोज वाचनालयात पेपर चाळतो. त्या विधेयकाचं काही नाही. परवा एका कोपऱ्यात दोन ओळी होत्या, की चर्चा पुढच्या अधिवेशनात. तिला वाचून दाखवल्या, तर म्हणाली, "पुडचं म्हंजी बाजरी सरायच्या आदी का नंतर?" आणि उत्तराची वाट न बघता फडकं घेऊन रस्त्यापलीकडं निघून गेली.